रिचार्ज संपला, टीव्ही चालू!

दर महिन्याच्या डीटीएच रिचार्जला कंटाळून मी भोरच्या फ्लॅटमधला टीव्ही चक्क फुकट करून टाकला. पैसे वाचले, क्रिकेट मिळालं, बाबा खूश झाले. फक्त हिशेब मांडताना एक आयटम लिहायचा राहून गेला होता...

दर महिन्याच्या एकवीस तारखेच्या आसपास मला भोरहून फोन येतो. वेळही ठरलेली, संध्याकाळी सातच्या आत. आई आधी ‘जेवलीस का’ विचारते (सात वाजता!), मग पुण्यात पाऊस आहे का, मग माझ्या रूममेटची सर्दी गेली का, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं, ‘‘अगं, ते टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलंय बघ.’’

इंग्रजीत काय आलेलं असतं ते मला पाठ आहे. रिचार्ज संपलाय. सात वाजता आईची पहिली मालिका आणि पाठोपाठ दुसरी, त्यामुळे हा फोन सातच्या आत येतो. मी पुण्यातल्या कुठल्यातरी कॅफेत लॅपटॉपसमोर बसलेली असते. मोबाइलवरून तीनशे नव्वद रुपये भरते, पाच मिनिटांनी भोरच्या घरातला टीव्ही सुरू होतो, आणि मी एक कर्तव्यदक्ष मुलगी असल्याचं सर्टिफिकेट महिनाभरासाठी रिन्यू होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मात्र गडबड झाली. फ्रीलान्सिंग म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते : काम आत्ता, पैसे बघू. दोन ठिकाणचे चेक अडकले होते. घरभाडं, मेसचे पैसे आणि स्कूटीची सर्व्हिसिंग एकाच आठवड्यात आली. त्यात एकवीस तारीख. रिचार्ज केला, पण त्या रात्री पहिल्यांदा गुणाकार करून पाहिला. ३९० गुणिले १२, म्हणजे ४,६८०. आणि हे फक्त आईबाबांच्या टीव्हीचं. माझ्या फोनमधली तीन सबस्क्रिप्शन्स वेगळी, ज्यांतलं एक मी शेवटचं कधी उघडलं हे मलाच आठवत नव्हतं.

तेव्हा एका ओळखीच्या कॅमेरामनने विचारलं, ‘‘फ्री डिश का नाही लावत? एकदाच खर्च, मग महिन्याला झीरो.’’

झीरो हा शब्द ऐकला आणि मी भोरची एसटी पकडली.

आठ दिवसांची हजेरी

भोर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला उजवीकडे वळलं की येणारं, चहूबाजूंनी डोंगर असलेलं गाव. पंतसचिवांचं संस्थान होतं. त्यांचा राजवाडा आता सिनेमावाल्यांचं लाडकं लोकेशन आहे. जवळ भाटघरचं धरण आहे आणि पावसाळ्यात वरंधा घाटाकडे निघालेल्या गाड्यांची रांग. आमचं घर मात्र राजवाड्याच्या रुबाबातलं नाही. तीन मजली साधं अपार्टमेंट, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही.

मी आधी शास्त्रशुद्ध पाहणी करायची ठरवली. मास कॉममध्ये ऑडियन्स रिसर्च शिकले होते, ते पहिल्यांदाच कामाला आलं. आठ दिवस एका वहीत कोण, कधी, काय बघतं ते लिहीत गेले. आमच्या पॅकमध्ये सव्वादोनशेच्या वर चॅनेल होती. आठ दिवसांत लागलेली चॅनेल : अकरा. त्यांतली चार बातम्यांची. बाबा एका चॅनेलवर भांडण सुरू झालं की दुसऱ्यावरचं भांडण बघतात. एक क्रिकेटचं, दोन जुन्या सिनेमांची, एक गाण्यांचं, सकाळच्या भक्तिगीतांसाठी एक, एक बाबांच्या चुकून दाबल्या गेलेल्या बटणाचं. आणि एक आईच्या दोन मालिकांचं, संध्याकाळी सात ते आठ.

मग उरलेली दोनशे चॅनेल आम्ही का पोसत होतो? याची एक स्टोरी आहे. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेने १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आणली. प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर झाली आणि ग्राहकाने हवं तेवढंच निवडायचं असं ठरलं. सुरुवातीला पहिल्या शंभर चॅनेलपर्यंत १३० रुपये नेटवर्कचं भाडं, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पे चॅनेलचे पैसे वेगळे. २०२० मध्ये त्याच भाड्यात दोनशे चॅनेल झाली. पुढे २०२४ मध्ये हे भाडं किती ठेवायचं ते कंपन्यांवरच सोडण्यात आलं. कागदावर ग्राहक राजा झाला होता. पण राजाला यादी वाचायचा कंटाळा होता! आपल्यापैकी बहुतेकांनी कंपनीने सुचवलेला तयार पॅक घेतला आणि विसरून गेलो. मीही तेच केलं होतं. आमच्या पॅकमध्ये चार लहान मुलांची चॅनेल होती. घरातलं सगळ्यात लहान मूल म्हणजे मी, वय अठ्ठावीस.

सिंहगडाकडे तोंड

‘फ्री डिश’ म्हटल्यावर बाबा हसले. ‘‘टीव्ही फुकटच होता की गं. तुम्हीच विकत घ्यायला लागलात.’’ आणि मग त्यांची कॅसेट सुरू झाली.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रातून ते पुण्याच्या परिसरात दिसायला लागलं. भोरच्या कौलांवर आणि गच्च्यांवर जे ॲल्युमिनियमचे अँटेना उभे राहिले, त्या सगळ्यांची तोंडं सिंहगडाकडे, म्हणजे उत्तरेला, जरा पश्चिमेकडे झुकलेली. वारा सुटला की अँटेना फिरायचा, चित्रात मुंग्या यायच्या. मग बाबा गच्चीवर, आजोबा जिन्यात आणि आत्या टीव्हीसमोर अशी साखळी लागायची. ‘‘आलं का?’’ ‘‘आलं! नाही, गेलं!’’ १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी आमच्या जुन्या वाड्यातल्या एका टीव्हीसमोर अख्खी आळी बसायची म्हणे.

पण हा लाभ सगळ्यांना नव्हता. जमिनीवरच्या मनोऱ्यातून निघालेल्या टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्या सावलीतलं गाव कोरडं. आईचं माहेर वेल्ह्याकडचं. राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याची खोरी. तिकडे कित्येक वाड्यांना सिंहगड काकदृष्टीने अगदी जवळ, पण मध्ये सह्याद्रीची भिंत! आई सांगते, तिच्या लहानपणी टीव्ही बघायला ते डोंगराच्या सोंडेवरच्या एका घरी चालत जायचे. त्या घराचा टीव्ही फार भारी होता अशातला भाग नाही, घराची जागा भारी होती.

आणि ‘फुकट’ या शब्दातही एक गंमत आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे टीव्हीला लायसन लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची. त्यामुळे बाबांचा ‘फुकटच होता की’ हा दावा मी वहीत ‘अंशतः मान्य’ असा नोंदवला.

आता ते अँटेनाही गेले. दूरदर्शनने देशभरातले बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. सिंहगडावरचा मनोरा आजही लांबून दिसतो, पण गावातल्या गच्च्यांवर आता त्याच्याकडे तोंड करून कुणी उभं नसतं. सगळ्यांनी तोंड फिरवलंय. डिश बघतात ते आग्नेयेकडे.

गच्चीवरचं अनाथालय

डिश बसवणारे दादा सकाळी दहाला येतो म्हणाले आणि साडेबाराला आले. गच्चीवर पाऊल टाकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘यातल्या चालू किती?’’

बारा फ्लॅटच्या गच्चीवर पंधरा डिश होत्या. आम्ही वायरी धरून शोध घेतला. सहा मेलेल्या. कुणी कंपनी बदलली, कुणी फ्लॅट विकून गेलं, कुणी मोबाइलवर गेलं. डिश तिथेच, गंजत. एकीत तर कबुतराने संसार थाटला होता. दादांनी त्यातली एक बरी निवडली, मी सोसायटीच्या चेअरमनकाकांची परवानगी घेतली, आणि आम्ही एक अनाथ डिश दत्तक घेतली. ‘‘तुमची जुनी राहू द्या ताई,’’ दादा म्हणाले, ‘‘काढून काय करणार? असू दे.’’ हे वाक्य पुढे फार उपयोगी पडणार होतं.

मग सुरू झाला नेम धरायचा कार्यक्रम. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला उभा आहे. भोरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर येतो. दादांनी अंश वगैरे काही सांगितलं नाही. त्यांनी हात लांब करून दाखवलं, ‘‘ते मांढरदेवी. ते तिकडं शिरवळ. त्याच्या बरोबर मधी.’’ घरी येऊन मी नकाशावर कोन काढून पाहिला. दादांचा हात बरोबर होता!

या साठ अंशांतच सगळी मेख आहे बरं का. टीव्ही आडवा, डोंगराच्या पलीकडून येत होता तोवर डोंगर आडवा येत होता. तो वरून यायला लागला आणि डोंगराचा अडथळाच संपला. साठ अंशांवर आभाळ सोडून काही नसतं, मग तुम्ही भोरच्या गच्चीवर असा नाहीतर तोरण्याच्या पायथ्याला. मामाच्या कौलारू घराशेजारी बांबूला बांधलेली डिश आहे. केबलची तार त्या वाडीत कधी आलीच नाही, आणि महिन्याच्या रिचार्जला दुकानात जायचं तर अर्धा दिवस मोडतो. ही सेवा १६ डिसेंबर २००४ ला ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने तेहेतीस चॅनेल घेऊन सुरू झाली, तेव्हा हिशेब हाच होता : जिथे मनोरा पोचत नाही तिथे आभाळातून टाका. आता चॅनेल शंभराच्या वर आहेत आणि इंडस्ट्रीचे अंदाज देशातली चार कोटींहून जास्त घरं फ्री डिशवर असल्याचं सांगतात. शहरातल्या आपल्या पार्ट्यांमध्ये ‘मी हे बघतो, मी ते बघतो’ अशी चर्चा चालते ना, तिच्यात हा आकडा कधीच येत नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी खालून बाबांची आरोळी आली, ‘‘आलं!’’ चाळीस वर्षांपूर्वीच्या साखळीतली जागा तेवढी बदलली होती. गच्चीवर मी, खाली बाबा. सेट टॉप बॉक्स, एलएनबी, वायर, दादांची मजुरी, सगळं मिळून अठराशे रुपये. जुन्या रिचार्जचे पाच महिनेही नाहीत.

फुकटात काय मिळतं?

आता मुद्द्याचं. तुम्ही विचाराल, फुकटात कचराच येत असेल ना? माझाही हाच समज होता. तर ऐका.

सह्याद्री आहेच. दूरदर्शनची बाकी चॅनेल आहेत. हिंदी-मराठी बातम्यांची इतकी चॅनेल आहेत की बाबांना भांडणं कमी पडत नाहीत. जुने हिंदी सिनेमे, भोजपुरी सिनेमे, गाणी, कीर्तनं, प्रवचनं आहेत. मराठी सिनेमांसाठी ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ अशी चॅनेल इथे दिसत आली आहेत. जाहिराती भरपूर. केसांचं तेल, गुडघ्यांचं तेल, नशीब बदलणारी अंगठी.

मात्र यादी कायमची नसते. खासगी चॅनेलना इथे जागा मिळते ती प्रसार भारतीच्या लिलावात पैसे मोजून. म्हणजे प्रेक्षकाऐवजी चॅनेल पैसे भरतं आणि ते जाहिरातींतून वसूल करतं. परवडेनासं झालं की चॅनेल जातं. मार्च २०१९ मध्ये स्टार, झी, सोनी, वायाकॉम १८ यांनी आपली जुन्या मालिकांची चॅनेल इथून काढली, २०२० मध्ये परत आणली, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढली. अशी ये-जा चालू असते. आज दिसतंय ते दिवाळीला दिसेलच याची गॅरंटी नाही, आणि तक्रार कुठल्या तोंडाने करणार? तुम्ही पैसे भरलेलेच नाहीत.

आणि आता सगळ्यात भारी गोष्ट : क्रिकेट. २००७ मध्ये संसदेने एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण ज्या कंपनीकडे आहे तिने ते दूरदर्शनलाही द्यायचं. भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी मॅचेस यात बसतात. पुढे कोर्टात प्रश्न गेला की दूरदर्शनने घेतलेली ही मॅच खासगी केबल आणि डीटीएचवरून दाखवायची का? २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. ती फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दिसणार. याचा अर्थ लक्षात येतोय का? महिन्याला पैसे भरणाऱ्याला तीच मॅच बघायला वेगळं स्पोर्ट्स चॅनेल विकत घ्यावं लागतं आणि छदामही न भरणाऱ्या माझ्या बाबांना ती फुकट दिसते! हे कळल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दहावीच्या निकालालाही फिरवला नव्हता.

राहिल्या आईच्या दोन मालिका. त्या होत्या पे चॅनेलवर. फ्री डिशवर नाहीत. मी याचाही विचार केला होता (असं मला तेव्हा वाटलं होतं). ‘‘आई, मोबाइलवर बघ ना. ॲप टाकून देते.’’

‘‘बघेन गं,’’ आई म्हणाली.

मी वहीत तिच्या नावापुढे टिक केली.

पावसाची परीक्षा

जुलैत भोरला पाऊस पडतो म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळत नाही. जोराच्या सरीत डिश टीव्ही जातो, कारण या लहरी पावसाच्या थेंबांत अडतात आणि विरतात. हे पैसे भरलेल्या डिशचंही होतं, फुकटच्याही. फरक एवढाच की पूर्वी टीव्ही गेला की आम्ही कस्टमर केअरला फोन लावून ‘मराठीसाठी तीन दाबा’ ऐकत बसायचो. आता बाबा खिडकीतून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, ‘‘पाऊस आहे,’’ आणि चहा टाकायचे. वीस मिनिटांत परत चित्र. मी पुण्यात सगळ्यांना सांगत सुटले. एका मित्राने त्याच्या सांगलीच्या घरी फ्री डिश लावलीसुद्धा. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. ३९० गुणिले चार, १,५६०. अठराशेच्या जवळ आले होते मी.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. एकवीस तारखेचा फोन बंद झाला होता. फोन यायचे, पण बाबांचे, मॅचच्या दिवशी. आईशी बोलणं व्हायचं ते त्यांच्या फोनवर, मागून, ‘‘जेवलीस का विचारा तिला.’’

सात वाजता कुठे?

ऑक्टोबरमध्ये एका असाइनमेंटसाठी महाडला जायचं होतं. वाटेत न सांगता भोरला उतरले. पावणेसातची वेळ. आई आनंदली, चहा केला, पण तिचं लक्ष घड्याळाकडे. सातला पाच कमी असताना तिने वाटीत भोपळ्याची भाजी काढली, वर ताटली ठेवली आणि म्हणाली, ‘‘जरा वर काकूंना देऊन येते.’’

सव्वासात झाले, साडेसात झाले.

‘‘बाबा, आई कुठे अडकली?’’

‘‘मालिका बघते वर. रोजच जाते.’’ बाबा बातम्या बघत होते. ‘‘तुला माहीत नाही?’’

नव्हतं माहीत. मोबाइलवरचं ॲप तिने दोन दिवस बघितलं होतं. अक्षरं दिसत नव्हती, घरात रेंज धड नव्हती, चित्र थांबून गोल गोल फिरायचं. मग ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जायला लागली. रोज रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कधी भाजी, कधी लाडू.

दोन दिवसांनी महाडहून परतताना मी पुन्हा थांबले, तेव्हा दुसरी बाजू पाहिली. भारताची वनडे होती. बेल वाजली आणि त्याच काकूंचे यजमान स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन दारात उभे! त्यांच्या पॅकमध्ये स्पोर्ट्स चॅनेल नव्हतं. पैसे भरणारे काका फुकटवाल्यांकडे क्रिकेट बघायला खाली आणि फुकटवाली आई पैसेवाल्यांकडे मालिका बघायला वर. मी पोट धरून हसले. अपार्टमेंटने बार्टर सिस्टिम शोधून काढली होती. बाबा म्हणाले, ‘‘बघ, आळीतल्यासारखं झालं की नाही परत?’’

मला ही स्टोरी इथेच संपवता आली असती. छान संपली असती. ‘फुकट टीव्हीने माणसं जोडली’ असं हेडिंगही डोक्यात तयार होतं.

पण रात्री भांडी घासताना मी आईला गमतीत म्हणाले, ‘‘मज्जा आहे तुझी. रोज गप्पा.’’ ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘चांगल्या आहेत गं त्या. पण त्यांच्याकडे पाहुणे आले की मला उठून यावं लागतं. परवा त्यांचे व्याही आलेले. मी अर्ध्यातून उठले. त्या नको म्हणत होत्या, पण बरं दिसतं का? आणि त्यांना झोप आली की आवाज बारीक करतात. घर त्यांचं आहे.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू म्हणालीस ना, पैसे अडकलेत.’’

मी मे महिन्यात हे वाक्य फोनवर एकदा, चिडचिड करताना, सहज बोलले होते. अडकलेले चेक जूनमध्ये आले होते. मी तिला ते सांगितलंच नव्हतं. डोंगराच्या सोंडेवरच्या घरी टीव्ही बघायला चालत जाणारी ती मुलगी साठीला आली होती आणि परत दुसऱ्याच्या घरी भिंतीला टेकून बसत होती. आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे टिक होती.

मधला रस्ता

त्या रात्री मी २०१९ च्या दरपद्धतीची यादी शेवटी वाचली, जी सहा वर्षांपूर्वीच वाचायला हवी होती. तयार पॅक घेणं सक्तीचं नाही. नेटवर्कचं भाडं भरून त्यावर एकच पे चॅनेल सुटं घेता येतं. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत महिन्याला १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, त्यामुळे आईचं चॅनेलही तेवढ्यातच होतं, अधिक कर. आमच्या कंपनीत हे सगळं मिळून दोनशेच्या आत बसत होतं. कस्टमर केअरवाल्या मुलीने मला तीन वेळा मोठा पॅक विकायचा प्रयत्न केला. मी तीन वेळा नको म्हणाले. जुनी डिश गच्चीवर होतीच, दादांच्या कृपेने. जुना बॉक्स आईने शोकेसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर क्रोशाचा रुमाल घालून जपून ठेवला होता! आता टीव्हीला दोन बॉक्स जोडलेत. सात ते आठ आईचा, बाकी दिवस फ्री डिश. मॅच नेमकी सात वाजता असेल तर काय, यावर दोघांची बोलणी चालू आहेत.

मी पैसे भरायला फोन काढला, तर आईने थांबवलं. कपाटातून तिची छोटी पर्स आणली. ती ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते, त्यातले तिचे स्वतःचे पैसे. दोनशेची नोट माझ्या हातात ठेवली. ‘‘हे माझं मी देणार. तू फक्त त्या मोबाइलवरनं भर.’’

मी नको नको म्हणाले. ती म्हणाली, ‘‘माझी मालिका आहे.’’

पुढच्या एकवीस तारखेला मी मीटिंगमध्ये होते. सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. मी बाहेर आले.

‘‘जेवलीस का?’’ आईने विचारलं. ‘‘आणि अगं, ते टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलंय बघ.’’

तुम्हालाही करायचंय?

* आधी आठवडाभर वहीत लिहा : घरात कोण काय बघतं. आणि प्रत्येकाला समोर बसून विचारा. माझ्यासारखं परस्पर टिक करू नका.

* गच्चीवर बेवारस डिश आहे का बघा. सोसायटीची परवानगी घेऊन ती वापरली तर खर्च वाचतो. साठ-पासष्ट सेंटिमीटरची डिश पुरते.

* आपल्याकडून डिशचं तोंड आग्नेयेला हवं. समोर उंच इमारत किंवा झाड असेल तर पैसे घालवण्याआधी गच्चीवर जाऊन बघून या. बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर तिथे डिश चालणार नाही, गच्चीच गाठावी लागेल.

* नवा टीव्ही घेताना त्यात सॅटेलाइट ट्यूनर आहे का विचारा. असेल तर डिशची वायर थेट टीव्हीला लागते आणि फ्री डिशची बरीचशी चॅनेल वेगळ्या बॉक्सशिवाय दिसतात.

* चॅनेल बदलली की बॉक्सवर नव्याने स्कॅन करावं लागतं. आईबाबांना हे एकदा नीट शिकवून या, नाहीतर तोही फोन तुम्हालाच येणार.

* पूर्ण तोडायचं नसेल तर सुटं चॅनेल घ्या. नेटवर्क भाडं आणि हवी ती दोन-तीन चॅनेल. कंपनीची यादी शेवटपर्यंत वाचा.

* टीव्हीच नसेल तरी हरकत नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे ॲप आणलंय, त्यात दूरदर्शनची चॅनेल मोबाइलवर दिसतात. डेटा मात्र तुमचा.